क्विझमध्ये भांडणं का होतात? सिनेमा, गाणी, खेळ, टीव्ही आणि खाण्यावरचे प्रश्न काढताना या चुका टाळा

क्विझमधलं भांडण पेटतं उत्तरावरून, पण काडी बहुतेक वेळा प्रश्नातच पडलेली असते. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात एक गोष्ट असते, कागदावर तिच्यातली अर्धीच उतरते आणि समोरच्या टीमला उरलेल्या जागेत दुसरं, तितकंच बरोबर उत्तर सापडतं. मग आवाज चढतात, कोणीतरी मोबाइल बाहेर काढतो, क्विझमास्तर 'माझ्याकडे हेच लिहिलंय' या एका वाक्यावर अडून बसतो आणि पुढच्या दोन राउंडची मजा जाते.

विज्ञान किंवा भूगोलाच्या प्रश्नावर लोक सहसा मुकाट्याने मान डोलावतात. सिनेमा, गाणी, क्रिकेट यांचं तसं नाही. तो सिनेमा प्रत्येकाने पाहिलेला असतो, ती मॅच प्रत्येकाला आठवत असते. म्हणून या विषयांवर प्रश्न काढायला सोपे वाटतात आणि निभवायला सगळ्यात अवघड जातात. कुठे कुठे पाय घसरतो ते बघू. काही चुका लगेच दुरुस्त होणाऱ्या आहेत, काहींसाठी आधी थोडी मेहनत लागते.

तोंडपाठ डायलॉग तपासायचा राहून जातो

'कितने आदमी थे?' हा सवाल गब्बरसिंगने कोणाला केला? विचारून पाहा, निम्मं सभागृह 'सांबा' म्हणून ओरडेल. १९७५ च्या 'शोले'त हा सवाल कालियाला आहे. 'अरे ओ सांबा' या हाकेपुढे सरकारने लावलेल्या इनामाची चौकशी येते आणि वर खडकावर बसलेला सांबा 'पूरे पचास हजार' म्हणतो. दोन्ही वाक्यं एकाच प्रसंगातली. नकला करणाऱ्यांनी ती जोडून एक केली आणि पिढ्यान्पिढ्या लोकांना तीच पाठ झाली.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये डार्थ व्हेडर 'ल्यूक, आय अॅम युअर फादर' असं म्हणतच नाही; तिथे वाक्याची सुरुवात 'नो' ने होते, ल्यूकचं नाव त्यात नाही. 'कासाब्लांका'मध्ये 'प्ले इट अगेन, सॅम' हे वाक्य कोणाच्याच तोंडी नाही. डिस्नेच्या १९३७ च्या स्नो व्हाइटमधली राणी 'मॅजिक मिरर' म्हणते, लोकांना 'मिरर, मिरर' आठवतं. आणि कॉनन डॉयलच्या मूळ होम्सकथांमध्ये 'एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन' हे वाक्य सलग एकदाही येत नाही, 'एलिमेंटरी' वेगळं आणि 'माय डिअर वॉटसन' वेगळं सापडतं.

यावर उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे: तो प्रसंग आवाज चालू ठेवून स्वतः बघायचा. टी-शर्टवर छापलेलं वाक्य, मीम, पुरस्कार सोहळ्यात एखाद्या नटाने म्हणून दाखवलेलं वाक्य, यांतलं काहीही पुरावा म्हणून धरू नका. मूळ नटसुद्धा वर्षांनंतर स्वतःचं वाक्य चुकीचं म्हणतो.

पण ही चूक उलटवून वापरली तर झकास प्रश्न होतो. 'लोक अमुक म्हणतात, पडद्यावर मूळ वाक्य काय आहे?' असं विचारलं की चुकणाऱ्यालाही मजा येते, कारण आपण एकटेच चुकलो नाही हे त्याला दिसतं.

'पहिला' म्हणजे कशातला पहिला?

माझ्या मते क्विझमधला सगळ्यात धोकादायक शब्द हाच. तो दिसला की लाल पेन हातात घ्यावं.

साधा प्रश्न घ्या: 'ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिलं पदक कोणी मिळवून दिलं?' एक टीम सांगते खाशाबा जाधव. दुसरी सांगते हॉकी संघ. तिसऱ्या टीममधला चष्मेवाला नॉर्मन प्रिचर्डचं नाव घेतो. तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रिचर्डने १९०० साली पॅरिसमध्ये २०० मीटर धावणं आणि २०० मीटर अडथळा शर्यत यांत रौप्यपदकं मिळवली. तो जन्माने कोलकात्याचा, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ती पदकं भारताच्या खात्यात धरते. अॅथलेटिक्सच्या इतिहासात मात्र त्याला ब्रिटनच्या खात्यात धरणारेही आहेत, म्हणजे इथेही वादाला जागा आहेच. पहिलं सुवर्ण १९२८ साली अॅम्स्टरडॅममध्ये हॉकीत. स्वतंत्र भारताचं पहिलं सुवर्ण १९४८ साली लंडनमध्ये, तेही हॉकीतच. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक खाशाबांचं, १९५२ साली हेलसिंकीत, कुस्तीतलं कांस्य. पहिलं वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्राचं, २००८ साली. आणि पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला कर्णम मल्लेश्वरी, २००० साली सिडनीत.

म्हणजे एका ओळीच्या प्रश्नाला सहा वेगवेगळी उत्तरं, आणि ती वेगळी करणारे शब्द जेमतेम चार-पाच: स्वतंत्र, वैयक्तिक, सुवर्ण, महिला. खाशाबांचं उत्तर हवं असेल तर 'स्वतंत्र' आणि 'वैयक्तिक' हे दोन्ही शब्द प्रश्नात असायलाच हवेत. एक गाळला की हॉकी संघ आत येतो, दुसरा गाळला की प्रिचर्ड.

क्रिकेटमध्ये तर प्रश्न काढणारा 'पुरुष' हा शब्द लिहायला हमखास विसरतो. 'एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यातलं पहिलं द्विशतक कोणाचं?' उत्तरपत्रिकेत सचिन तेंडुलकर, २४ फेब्रुवारी २०१०, ग्वाल्हेर, असं लिहिलेलं असतं. पण त्याआधी बारा वर्षांहून जास्त काळ, १६ डिसेंबर १९९७ ला, ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने महिला विश्वचषकात डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केल्या होत्या, आणि तो सामना झाला होता मुंबईत! 'पहिला क्रिकेट विश्वचषक कधी?' याचंही तेच. पुरुषांचा १९७५ चा, महिलांचा त्याच्या दोन वर्षं आधीचा, १९७३ चा. पहिला टी-ट्वेंटी आंतरराष्ट्रीय सामनाही महिलांचा, ऑगस्ट २००४ मधला. पुरुषांचा फेब्रुवारी २००५ मध्ये झाला. या तिन्हींत 'पुरुषांच्या क्रिकेटमध्ये' एवढंच लिहिलं तरी प्रश्न सुटतो. न लिहिता विचारला आणि कोणी बेलिंडा क्लार्क म्हणालं, तर मुकाट्याने गुण द्या. ते उत्तर तुमच्या उत्तरापेक्षा जास्त बरोबर आहे.

आता सिनेमा. 'भारतातला पहिला चित्रपट कोणता?' दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्याच्या जवळजवळ वर्षभर आधी, १८ मे १९१२ ला, त्याच थिएटरात दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' लागला होता. तो रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रीकरण होता, कॅमेऱ्यामागे परदेशी माणूस होता आणि फिल्म धुतली लंडनमध्ये, अशा कारणांनी बहुतेक इतिहासकार पहिल्या पूर्ण लांबीच्या भारतीय कथापटाचा मान 'राजा हरिश्चंद्र'ला देतात. हा मान कोणाला द्यावा यावर वाद घालणाऱ्यांशी क्विझच्या स्टेजवर वाद घालू नये. 'पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट मानला जाणारा' असं लिहावं, किंवा सरळ पहिल्या बोलपटाकडे वळावं. 'आलम आरा' १९३१ चा, पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. तिथे कोणी फारसं हटकत नाही.

'पहिला पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट' असं विचारून स्नो व्हाइट हे उत्तर धरलं, तर जर्मनीत लोट्टे रायनिगरने १९२६ सालीच सावलीचित्रांच्या कटआउटमधून केलेला राजपुत्र अख्मेदवरचा सिनेमा कोणीतरी काढणारच. 'द सिम्पसन्स' कधी सुरू झालं? मालिका म्हणून डिसेंबर १९८९ मध्ये. पण तीच पात्रं दुसऱ्या एका कार्यक्रमात छोट्या तुकड्यांमधून १९८७ पासूनच दिसत होती. एमटीव्हीवर १ ऑगस्ट १९८१ ला लागलेलं पहिलं गाणं 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार', हे खरं. त्यावरून कोणी 'जगातला पहिला म्युझिक व्हिडिओ' असा प्रश्न बनवला की तो चुकला.

एक सापळा मला फार आवडतो. '१८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये पहिलं सुवर्णपदक कोणाला मिळालं?' पुष्कळ जण आत्मविश्वासाने तिहेरी उडीतल्या जेम्स कॉनलीचं नाव सांगतात. आधुनिक ऑलिम्पिकचा पहिला विजेता तोच. पण त्या वर्षी विजेत्यांना रौप्यपदक दिलं होतं! पहिल्या क्रमांकाला सुवर्णपदक देणं सुरू झालं १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकपासून.

विक्रमांना तारीख न लावणं

दोन-तीन वर्षांपूर्वीची प्रश्नांची फाइल पुन्हा वापरायची सवय सगळ्यांना असते. त्यातली 'सर्वात जास्त', 'सर्वात वेगवान', 'आतापर्यंत' असे शब्द असलेली प्रत्येक ओळ शिळी झालीय असं समजूनच उघडा.

वनडेत सर्वाधिक शतकं कोणाची? १५ नोव्हेंबर २०२३ च्या सकाळपर्यंत ४९ शतकांसह सचिन आणि विराट कोहली बरोबरीत होते. संध्याकाळी वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात कोहलीने पन्नासावं ठोकलं. त्या दिवसाआधी छापलेलं प्रत्येक पुस्तक या एका बाबतीत चुकलं. संगीतातही तसंच. सर्वाधिक ग्रॅमींचा प्रश्न आला की कित्येक वर्षं ऑर्केस्ट्राचे संचालक जॉर्ज सोल्टी, ३१, हे क्विझवाल्यांचं लाडकं उत्तर होतं, कारण ते नाव कोणालाच सुचायचं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बियॉन्सेने ३२ वी ग्रॅमी घेतली आणि एक चांगला प्रश्न निकालात निघाला.

कमाईचा विक्रम तर जाऊन परत येतो. 'अवतार' (२००९) सर्वाधिक कमाईचा सिनेमा होता. जुलै २०१९ मध्ये 'अॅव्हेंजर्स: एंडगेम'ने त्याला मागे टाकलं, आणि मार्च २०२१ मध्ये चीनमध्ये पुन्हा लागल्यावर 'अवतार' परत वर गेला. महागाई धरून हिशेब केला तर 'गॉन विथ द विंड' सगळ्यांच्या पुढे जातो. म्हणून कमाईच्या प्रश्नात कोणता हिशेब आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे दोन्ही सांगितल्याशिवाय तोंड उघडू नये.

फुटबॉलमधल्या एकूण गोलांच्या प्रश्नातही अशीच गंमत आहे. मैत्रीपूर्ण आणि प्रदर्शनीय सामने धरले तर पेलेचे गोल हजाराच्या बरेच पुढे जातात. फक्त अधिकृत सामने मोजले तर साडेसातशेच्या आसपास. आकडा विचारायचाच असेल तर पेलेने किती विश्वचषक जिंकले ते विचारा: तीन, १९५८, १९६२ आणि १९७०. त्यावर वाद नाही.

सोपी युक्ती अशी की विक्रमाऐवजी घटना विचारावी. 'सर्वाधिक शतकं कोणाची' हा प्रश्न शिळा होतो. 'वनडेत शतकांचं अर्धशतक पहिल्यांदा कोणी पूर्ण केलं' हा होत नाही. आणि घटना विचारतानाही शब्द नीट. २०१९ चा लॉर्ड्सवरचा विश्वचषक अंतिम सामना 'इंग्लंडने सुपर ओव्हरमध्ये जिंकला' असं सर्रास लिहिलं जातं. पन्नास षटकांत दोघांचे २४१ आणि सुपर ओव्हरमध्ये दोघांचे १५. सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली होती. कप गेला तो २६ विरुद्ध १७ या चौकार-षटकारांच्या हिशेबावर.

गाणं कोणाचं?

हा प्रश्न असा विचारूच नये. गाणं लिहिणाऱ्याचं, चाल लावणाऱ्याचं, गाणाऱ्याचं, की पडद्यावर ओठ हलवणाऱ्याचं? आपल्या सिनेसंगीतात हे चौघं बहुधा वेगळे असतात. शिवाय एकच गाणं अनेकांनी गायलेलं असतं.

गीतरामायण घ्या. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये वर्षभर, एकूण ५६ गीतं. पुढे बाबूजींनी ती सगळी स्वतः गाऊन इतके कार्यक्रम केले की पुष्कळांच्या कानात एकच आवाज आहे. रेडिओवर मात्र ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती, माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे त्यांत होते. 'गीतरामायणातलं अमुक गीत कोणी गायलं' असं विचारलं तर रेडिओवरच्या मूळ प्रसारणात की नंतरच्या ध्वनिमुद्रणात, हे सांगावं लागेल.

इंग्रजी पॉपमध्ये घोटाळा होतो तो कव्हर गाण्यांचा. 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' म्हटलं की व्हिटनी ह्यूस्टन आठवते, १९९२. गाणं लिहिलं आणि आधी गायलं डॉली पार्टनने, रेकॉर्ड आली १९७४ मध्ये. 'हाउंड डॉग' एल्विस प्रेस्लीच्या १९५६ च्या रेकॉर्डमुळे जगभर गेलं, त्याआधी ते बिग मामा थॉर्नटनचं होतं. इथे 'मूळ रेकॉर्डिंग', 'गीतकार', 'हिट झालेली आवृत्ती' यांतलं जे हवं ते स्पष्ट लिहा.

ऑस्करचं साल

सिनेमा एका वर्षी येतो, ऑस्कर पुढच्या वर्षी मिळतं. 'गांधी' १९८२ चा, भानू अथय्यांना वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं तो सोहळा १९८३ चा. 'श्यामची आई' १९५३ चा, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक देण्यात आलं १९५४ मध्ये. दोन्ही सालं बरोबर ठरतात, म्हणून 'कोणत्या साली झालेल्या सोहळ्यात' असं विचारावं किंवा साल प्रश्नातच देऊन टाकावं.

'कधीच ऑस्कर न मिळालेला दिग्दर्शक' म्हणून आल्फ्रेड हिचकॉकचं नाव देतानाही जपून. दिग्दर्शनाचं स्पर्धेतलं ऑस्कर त्याला मिळालं नाही. १९६८ मध्ये अकॅडमीने, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेने, त्याला मानद थालबर्ग पुरस्कार दिला होता. वॉल्ट डिस्नेची ऑस्करं २२ की २६? स्पर्धेतली २२, मानद ४. 'स्पर्धेतलं' हा शब्द लिहिला की दोन्ही भांडणं मिटली.

खाण्याच्या राउंडमधल्या दंतकथा

खाद्यपदार्थांच्या जन्मकथा मला वाचायला आवडतात, प्रश्नात वापरायला नाही. कथा जितकी गोड तितकी ती नंतर कोणीतरी रचलेली असण्याची शक्यता जास्त.

मार्को पोलोने चीनमधून इटलीत पास्ता आणला, ही त्यातली सगळ्यात चिवट. मार्को पोलोचा जन्म १२५४ चा. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, ११५४ मध्ये, अल-इद्रिसी या अरब भूगोलतज्ज्ञाने सिसिलीत पास्त्यासारखा पदार्थ बनत असल्याचं आणि तिथून जहाजांनी बाहेर जात असल्याचं लिहून ठेवलंय. एवढी एक तारीख हाताशी असली की कथा कोसळते. सीझर सॅलडचा ज्युलियस सीझरशी संबंध नाही; त्याचं श्रेय दिलं जातं सीझर कार्डिनी या हॉटेलवाल्याला, गाव मेक्सिकोतलं तिहुआना, साल १९२४. क्रोसाँ व्हिएन्नाच्या १६८३ च्या वेढ्यातून जन्मला, या कथेला त्या काळातला भक्कम आधार नाही. सांताक्लॉजला लाल कपडे कोका-कोलाने चढवले, हेही खोटं: कंपनीच्या त्या प्रसिद्ध जाहिराती १९३१ पासूनच्या, लाल कपड्यांतला सांता त्याआधीही चित्रांमध्ये दिसतो. जाहिरातींनी ते रूप घरोघरी पक्कं केलं इतकंच.

आणि टोमॅटो. फळ की भाजी? दोन्ही टीम हात वर करून उभ्या राहतील. वनस्पतिशास्त्रात फळ. पण १८९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आयातकरासाठी टोमॅटो भाजी ठरवला, कारण तेव्हाच्या कायद्यात भाजीवर कर होता आणि फळावर नव्हता. 'टोमॅटो काय आहे' हा वाईट प्रश्न. '१८९३ मध्ये कोणत्या फळाला अमेरिकेच्या न्यायालयाने कराच्या कामापुरतं भाजी ठरवलं' हा चांगला.

एकाच ठिकाणाहून उचललेली माहिती

या चुकीची सगळ्यात गाजलेली गोष्ट टीव्हीवरच्या कोलंबोची. चुरगळलेल्या रेनकोटातला हा पोलीस अधिकारी मालिकेत स्वतःचं पहिलं नाव सांगत नाही. फ्रेड वर्थ नावाच्या अमेरिकी लेखकाने आपल्या ट्रिव्हिया विश्वकोशात त्याचं नाव मुद्दाम 'फिलिप' असं खोटं घातलं, कोणी नक्कल केली तर पकडता यावी म्हणून. पुढे ट्रिव्हियल परसूट या खेळाच्या कार्डावर 'फिलिप' हेच उत्तर छापून आलं. वर्थने १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळवाल्यांनी त्याचं पुस्तक इतर पुस्तकांबरोबर वापरल्याचं नाकारलं नाही. वस्तुस्थितीवर कोणाचा कॉपीराइट नसतो म्हणाले, आणि कोर्टात दावा टिकला नाही. खरं तर मालिकेच्या एका भागात कोलंबोचं ओळखपत्र जवळून दिसतं. त्यावर 'फ्रँक' आहे.

पन्नास वेबसाइटवर तीच ओळ सापडली म्हणजे पन्नास पुरावे झाले असं समजू नका. सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उचललेली असू शकते, कधी कधी स्वल्पविरामासकट. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'तुम्हाला माहीत आहे का' छापाच्या ओळी याच जातीच्या. चॅटबॉटकडून प्रश्न काढून घेणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावं. तो चुकतानाही तितक्याच ठाम आवाजात चुकतो, आणि त्याने दिलेली तारीख, आकडा, नाव तिन्ही दिसायला अगदी खरी असतात. खेळाचा आकडा स्कोअरकार्डवर, पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या यादीत, गाणं रेकॉर्डच्या श्रेयनामावलीत, डायलॉग पडद्यावर. मूळ जागा हाताशी असताना मधल्या माणसाला कशाला विचारायचं?

ऐन क्विझमध्ये काय बिघडतं

प्रोजेक्टरवर गाण्याचा तुकडा लावताना फाइलचं नाव दिसणं ही सर्वात जास्त होणारी फजिती. गाणं सुरू व्हायच्या आधीच खाली पट्टीवर गाणं, सिनेमा आणि गायक तिन्ही झळकतात. फाइलींना नुसते आकडे द्या: ०१, ०२, ०३. ऑनलाइन व्हिडिओ थेट लावत असाल तर शीर्षकाबरोबर जाहिरातही येणार, म्हणून आधी उतरवून, कापून ठेवा. तुकडा मुखड्याच्या आधी तोडा. पहिल्या ओळीतच सिनेमाचं नाव असलेली गाणी थोडी नाहीत. चित्र ओळखायला देताना कोपऱ्यातला वॉटरमार्क आणि पोस्टरवरची बारीक अक्षरं तपासा. हे सगळं त्याच लॅपटॉपवर, त्याच स्पीकरवर एकदा चालवून बघायचं असतं, घरच्या मोबाइलवर नाही.

आडनावाचा नियम आधी जाहीर करा. 'आडनाव पुरेल' असं सांगितलंत आणि उत्तर 'विल्यम्स' आलं, तर सेरेना, व्हीनस, रॉबिन की संगीतकार जॉन? सिनेमाच्या राउंडमध्ये 'खान' आणि गाण्याच्या राउंडमध्ये 'मंगेशकर' याला गुण देणारा क्विझमास्तर मला अजून भेटायचाय. आडनाव चालेल, पण एकापेक्षा जास्त माणसांना लागू पडलं तर पूर्ण नाव लागेल, असा नियम करा.

एका प्रश्नाने दुसऱ्याचं उत्तर फोडणं ही चूक फक्त पूर्ण सेट सलग मोठ्याने वाचल्यावर सापडते. तिसऱ्या प्रश्नात 'बेलिंडा क्लार्कच्या देशाने' असं लिहून आठव्यात तिचंच नाव विचारलेलं असतं. पर्यायी उत्तरांत बरोबर पर्याय सर्वात लांब आणि सर्वात तपशीलवार ठेवायची सवयही अशीच नकळत लागते. खेळाडू लगेच ओळखतात.

कोणालाच उत्तर येत नाही, सभागृह थंड पडलंय, असं होत असेल तर प्रश्न अवघड आहेत म्हणून सोपे करायला धावू नका. बहुधा त्यांत विचार करायला वाव नसतो. '१९२६ च्या 'ब्यू जेस्ट' या मूकपटात नॉर्मन ट्रेव्हर या नावाने कोण होतं?' याला आलं तर आलं, नाही तर नाही. तोच प्रश्न असा विचारा: 'कोलकात्यात जन्मलेला हा माणूस पुढे नॉर्मन ट्रेव्हर या नावाने हॉलिवूडच्या मूकपटांत दिसला. पण क्विझवाले त्याला १९०० च्या पॅरिसमधल्या दोन रौप्यपदकांसाठी ओळखतात. त्याचं खरं नाव काय?' ज्याला सिनेमा माहीत नाही त्याला खेळाच्या दारातून आत येता येतं. नॉर्मन प्रिचर्ड हे नाव पडलं की 'अरे हो!' म्हणतात लोक, आणि तो आवाज ऐकण्यासाठीच तर क्विझ घ्यायची.

हरकत आली तर ती त्याच प्रश्नावर, पुढचा प्रश्न वाचण्याआधी घ्या आणि निकाल एकाच माणसाने द्यावा. दोन उत्तरं खरोखर बरोबर निघाली तर दोघांना गुण द्या. प्रश्न रद्द करणं हा शेवटचा उपाय, कारण ज्याने बरोबर उत्तर दिलं त्याच्यावर त्यात अन्याय होतो.

बरोबरी झालीच तर टायब्रेकरला आकड्याचा प्रश्न ठेवा, जवळचा आकडा सांगणारा जिंकला. फक्त तो आकडा आता हलणारा नसावा. डॉन ब्रॅडमनच्या कसोटी धावा किती? ६९९६. सरासरी ९९.९४ ही पुष्कळांना पाठ असते, धावा क्वचितच कोणाला, त्यामुळे हुशार टीम कागदावर उलटा हिशेब मांडू लागते: ८० डाव, त्यांत १० वेळा नाबाद, म्हणजे भागायचं ७० ने. १९४८ मध्ये ओव्हलवर शेवटच्या डावात त्याला चारच धावा हव्या होत्या, सात हजार भागिले सत्तर, बरोबर शंभर. एरिक हॉलिसच्या दुसऱ्याच चेंडूवर तो त्रिफळाचीत झाला. ज्यांना ही गोष्ट माहीत आहे ते सात हजारांतून चार वजा करतात आणि आकडा अचूक सांगतात, बाकीच्यांनी अंदाज लावायचा.